व्याह्यांपुरती सूट

त्या वर्षी कोकसायला पाऊस पडला नाही, आणि सरकारदरबारी ही गोष्ट ‘ओलाव्याची मध्यम स्वरूपाची तूट’ म्हणून मान्य झाली. मे संपायच्या आत टेकड्यांवरचं गवत वाळून गेलं. सेरिमबेतची मेंढरं सकाळी चरायला निघत आणि संध्याकाळी तितक्याच रिकाम्या पोटाने, वर दमून, परत येत. सेरिमबेत साठीचा, जन्मभर मेंढरंच पाळलेला माणूस. गावात त्याला मानाने ‘सेके’ म्हणत. सुकं गवत दुपटीने महागलं होतं आणि जवाचा भाव विचारायची सोय राहिली नव्हती. एवढा कळप हिवाळाभर पोसणं शक्य नव्हतं. निम्मा विकायचा आणि त्या पैशांत उरलेल्याला चारा घालायचा, असं त्याने आणि त्याची बायको ओरिनकुल हिने ठरवलं.

गिऱ्हाईक बांधलेलं होतं. सीमा गावाला लागूनच होती. पलीकडचा युनुस नावाचा खाटीक दर शरदात येई, मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवून त्या किती हडकल्या आहेत ते रडक्या चेहऱ्याने सांगे आणि शेवटी घेऊन जाई.

त्याच सुमारास राजधानीत मटण महाग झालं. मंत्रालयाने अभ्यास केला. अभ्यासात असं आढळलं की मेंढ्या परदेशी जातात. त्या गेल्या नसत्या तर इथेच राहिल्या असत्या, हेही आढळलं. सबब जिवंत मेंढ्यांच्या निर्यातीवर बंदी आली. शनिवारच्या बाजारात मेंढीचा भाव बघता बघता निम्म्यावर उतरला. राजधानीतलं मटण मात्र होतं तिथेच राहिलं. मेंढी आणि मटण यांच्या मधे बरेच लोक उभे होते, आणि त्यांच्यापैकी कुणावरच बंदी नव्हती.

बंदीचे फायदे समजावून सांगायला जिल्ह्याच्या कृषी कार्यालयातून कुआनिश नावाचा तरुण अधिकारी आला. शाळेच्या सभागृहात गाव जमलं. मेंढी स्वस्त झाल्यामुळे आता मेंढपाळांनाही मेंढी परवडेल, असं त्याने सांगितलं.

“साहेब, मेंढ्या आमच्याकडे आहेत,” सेरिमबेत म्हणाला. “आम्हाला जव पाहिजे.”

“जव दुसऱ्या खात्याकडे येतो,” कुआनिश म्हणाला.

तो बोलत असतानाच बाहेरून मालगाडी गेली. उत्तरेकडे पाऊस बरा झाला होता. तिकडचा जव भरभरून गाड्या रोज कोकसायच्या स्टेशनावरून सीमेपार जात होत्या, कारण जवाच्या निर्यातीला उत्तेजन होतं. स्टेशनालगतच्या माळावर मेंढ्या उभ्या असत आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहत. गावाने ही गोष्ट कुआनिशच्या कानावर घातली. त्याने ती वर कळवली आणि मंत्रालयाने तातडीने न्याय केला. जवाच्याही निर्यातीवर बंदी आली. भाव पडणार हे ओळखून उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी कोठारांना कुलपं लावली. आता जव सीमेपार जात नव्हता आणि बाजारातही येत नव्हता.

सभा मोडता मोडता कुआनिशने एक गोष्ट अभिमानाने सांगितली. मंत्रालय परंपरा विसरलेलं नाही. सीमेपलीकडच्या व्याह्यांना रिवाजाप्रमाणे मेंढ्या भेट देण्यास बंदीतून सूट आहे.

घरात लग्नाची मुलगी असलेला प्रत्येक बाप एकदम आपल्या बुटांकडे बघू लागला.

सेरिमबेतची मुलगी जानिल सव्वीस वर्षांची होती. तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात ती नोकरीला होती आणि लग्नाचा विषय काढणाऱ्याला डोकेदुखीची गोळी देत असे. सेरिमबेतने आधी युनुसला गाठलं. युनुसचा मुलगा ओताबेक कोरियात कारखान्यात कामाला होता. दोघा बापांना हे उत्तमच वाटलं. नवरामुलगा जितका लांब, तितकी सोयरीक सुरळीत. रिवाजाप्रमाणे कानात कुड्या घातल्या की मुलगी ठरली. मेंढ्या पलीकडे जातील, पैसे अलीकडे येतील आणि वसंतात काहीतरी बिनसल्याचं जाहीर करता येईल. जानिलला हे सांगायचं काम ओरिनकुलवर आलं.

जानिलने सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मला मेंढ्यांबरोबर द्यायचं?” तिने विचारलं.

“नाही गं. मेंढ्याच तुझ्याबरोबर द्यायच्यात.”

तिने मेंढवाड्यात जाऊन बघितलं. मेंढ्या कुंपणाची लाकडं कुरतडत होत्या. परत येऊन तिने आईपुढे कान केले, मात्र हे वसंतापर्यंतच, असं बजावलं.

व्याह्यांना भेट नऊच्या पटीत द्यायची हा जुना रिवाज. किती पट, हे रिवाजाने सांगितलेलं नव्हतं. सीमेवरच्या पशुवैद्याने वरून खुलासा मागवला, तो येईपर्यंत नऊ मेंढ्या सोडल्या, आणि नंतर आणखी नऊ. हे बघून बाकीचं गाव कामाला लागलं. महिन्याभरात कोकसायमध्ये एकही मुलगी बिनठरलेली राहिली नाही. पलीकडच्या गावातले मुलगे संपले तेव्हा विधुर पुढे आले. ऐंशी वर्षांच्या एका आजोबांनी पलीकडच्या एका विधवेशी स्वतःचंच लग्न ठरवलं आणि होणाऱ्या बायकोच्या भावाला मोठा कळप पाठवून दिला. जिल्ह्याच्या अहवालात ‘शेजारी राष्ट्रांतील स्नेहसंबंध’ या मथळ्याखाली कोकसायचं कौतुक झालं आणि कुआनिशला प्रशस्तिपत्र मिळालं.

मेंढ्या कमी झाल्या तसा बाजारात भाव जरा उठला. ते राजधानीच्या लक्षात आलं. मंत्रालयाने पुन्हा अभ्यास केला आणि महागाईचं मूळ प्रेमात आहे, असा निष्कर्ष काढला. खऱ्या प्रेमाला विरोध नव्हता. म्हणून सोयरिकींची सत्यता पडताळणारी समिती नेमली गेली. वर आणि वधू दोघांनी समितीपुढे हजर व्हायचं होतं.

ओताबेकला रजा काढून कोरियाहून यावं लागलं. पडताळणीच्या दिवशी सकाळी तो आणि जानिल एकमेकांना पहिल्यांदा भेटले. जानिलने त्याच्यापुढे दुधाचा चहा ठेवला. त्याने तो बाजूला सारला. आमच्याकडे हिरवा चहा पितात, तो म्हणाला, यात दूध घातल्यावर उरतं काय. चहात दूध घालायचं नसेल तर मग गरम पाणीच प्यावं, असं तिने सुचवलं. शाळेपर्यंतच्या वाटेवर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत.

समितीने जोडप्यांना वेगवेगळ्या वर्गांत बसवून एकच प्रश्न विचारला: तुमचं भांडण कशावरून होतं? बाकी सगळ्यांनी घरून पाठ करून आणलेलं उत्तर दिलं, आमचं कधीच भांडण होत नाही. ती सगळी जोडपी खोटी ठरली. जानिल एका वर्गात म्हणाली, “चहावरून.” ओताबेक दुसऱ्या वर्गात म्हणाला, “चहावरून, आणि ती ऐकून घेत नाही.” समितीने एकमताने शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दोघांना हसू आवरेना. ओताबेकची रजा आठवड्याची होती. तो कोकसायलाच राहिला. त्याने मेंढवाड्याचं छप्पर दुरुस्त केलं, एके दिवशी सगळ्यांसाठी पुलाव केला, आणि चौथ्या दिवशी दुधाचा चहा प्यायला. ओरिनकुलने तो कप बघितला आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की वसंतात काही बिनसेल असं तिला वाटत नाही. सेरिमबेतला एकाच वेळी आनंद झाला आणि चिंता वाटली. आता खऱ्या लग्नाचा खर्च आला होता. तरी पडताळणी झालेल्या सोयरिकीवर आणखी नऊच्या पाच खेपा जातील आणि उरलेला कळप तरून जाईल, अशी त्याची अटकळ होती.

त्या खेपा गेल्या नाहीत. खरी सोयरीकसुद्धा मेंढ्याच नेते, हे समितीच्या अहवालावरून मंत्रालयाला कळलं होतं. सीमेपलीकडील विवाहांवर हंगामी निर्बंध आले. ओताबेकचा मुक्काम संपायला दोन दिवस उरले होते. सेरिमबेत मुलीला आणि होणाऱ्या जावयाला घेऊन थेट कुआनिशच्या कार्यालयात गेला.

“तुमचंच शिक्कामोर्तब झालंय,” सेरिमबेत म्हणाला.

“सेके, प्रेम खरं आहे याबद्दल खात्याला शंका नाही,” कुआनिश म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटत असावं. “फक्त बाजार स्थिर होईपर्यंत ते पुढे ढकलायचंय.”

“किती दिवस?”

“राजधानीत मटण उतरेपर्यंत.”

जानिलने विचारलं, “आणि नाही उतरलं तर?”

दोन दिवसांनी ओताबेक कोरियाला परत गेला. सीमेपर्यंत पोचवायला जानिल गेली होती. परतल्यावर तिने कानातल्या कुड्या काढल्या नाहीत, आणि त्याबद्दल घरात कुणी विचारलंही नाही.

पहिल्या बर्फाआधी सेरिमबेतने सुरी बाहेर काढली. गावात प्रत्येकाने काढली. चारा नसलेली मेंढी तिच्या अंगावर मांस आहे तोवरच कापावी लागते. गाभण राहिलेल्याही कापल्या. इतकी मेंढरं एकाच वेळी बाजारात आली की मधल्या सगळ्या लोकांनी खाऊनही राजधानीत मटण खरोखर उतरलं. दूरचित्रवाणीवर कढया दाखवल्या. मंत्रालयाने धोरणाचं यश जाहीर केलं; विवाहांवरचे निर्बंध उठवायचं मात्र राहून गेलं. सेरिमबेतने चांगल्यातल्या थोड्या मेंढ्या वंशासाठी राखल्या होत्या. त्या मार्चपर्यंत एकेक करून गेल्या. शेवटची गेली त्यानंतरही तो रोज पहाटे उठून मेंढवाड्याचं दार उघडायला जाई. ओरिनकुल त्याला अडवत नसे. तो परत येईपर्यंत चहा तयार ठेवी.

वसंतात पाऊस आला. असा पाऊस जुन्या माणसांनाही आठवत नव्हता. टेकड्यांवर गवत गुडघ्याएवढं वाढलं आणि ते खायला कुणी नव्हतं. जव इतका पिकला की खर्चही निघेना, कारण जव खाणारी तोंडं शरदातच कढईत गेली होती. कोठारांची कुलपं उघडली तेव्हा जुना जव नव्या जवाच्या भावातसुद्धा कुणी घेईना. मटण मात्र पहिल्या वर्षापेक्षाही महागलं. मंत्रालयाने परिस्थितीचा साकल्याने विचार करून मेंढ्यांची निर्यात पूर्णपणे खुली केली. विवाहांवरचे निर्बंधही उठले. सीमेपलीकडून सोयरिकीत मेंढ्या येणार असतील तर अशा विवाहांना अनुदान देण्याचं ठरलं.

अनुदान घ्यायला उशीर झाला होता. पलीकडच्या राजधानीतही मटण महाग झालं होतं. तिकडच्या मंत्रालयाने अभ्यास करून मेंढ्या आणि मटण दोन्ही बाहेर जाऊ देणं बंद केलं, आणि व्याह्यांचा विचार त्यांना सुचला नव्हता. शरदात लग्न ठरलं तेव्हा युनुस रिकाम्या हातांनी आला. जन्माचा खाटीक तो, त्याला सीमेवरून पाव किलो मटणही आणता आलं नाही. तो दारातच सेरिमबेतच्या गळ्यात पडला आणि थोरल्या भावाला हाक मारावी तसा म्हणाला, “अका, माझी लाज राखा.”

“आत या,” सेरिमबेत म्हणाला. “इथे आम्हाला तरी कुठे लाज उरलीय.”

लग्न झालं आणि चांगलं झालं. ओताबेकने तालुक्याच्या गावात काम शोधलं होतं. जानिलने त्याच्यासाठी हिरवा चहा केला आणि त्याने तिच्यासाठी दुधाचा. जेवणात मटणाच्या जागी गोठवलेल्या कोंबडीच्या तंगड्या होत्या. मंत्रालयाने मटणाला पर्याय म्हणून त्या समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी देशातून बिनजकातीच्या आणवल्या होत्या. मानाचा पाहुणा कुआनिश होता. त्याला बढती मिळाली होती. मानाच्या पाहुण्यापुढे मेंढ्याचं मुंडकं ठेवायचं असतं, पण आयात कोंबड्या मुंडक्याशिवाय येतात. बराच विचार करून सेरिमबेतने त्याच्यापुढे दोन तंगड्या ठेवल्या. पाहुण्याने मुंडक्याचे कान कापून मुलांना द्यायचे असतात; कुआनिशने त्या तंगड्या तितक्याच गंभीरपणे लहान मुलांत वाटल्या.

त्याच्या शेजारी ओरिनकुलची मावसबहीण बागिला बसली होती. ती राजधानीहून रात्रभर प्रवास करून आली होती. शाळेत शिकवणारी, मऊ मनाची बाई. मेंढ्या गेल्याचं ऐकून तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. तिने सेरिमबेतचा हात हातात घेतला, सरकार मेंढपाळांकडे बघतच नाही असं ती म्हणाली, आणि मग ताटातली तंगडी उलटीपालटी करून तिने उसासा सोडला.

“पण भावोजी, आमच्याकडे मटणाला हात लावता येत नाही हो. बाहेर पाठवतात ना, म्हणून. सरकारने यावर काहीतरी करायला पाहिजे.”

कुआनिशने मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं.

सेरिमबेतने बागिलाच्या ताटात आणखी एक तंगडी वाढली. पाहुणी होती, आणि ती खोटंही बोलत नव्हती. तिला फक्त स्वस्त हवं होतं. सेरिमबेतची गोष्ट ऐकून तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं असेल, तर तुम्हीही बागिलासारखेच मऊ मनाचे आहात. उद्या बाजारात गेलात आणि कसला भाव चढलेला दिसला, तर तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं तेवढं ऐका. शेजारी कुणीतरी पेन काढून बसलेलं असतं.