आवाज न करता तळलेला मासा

बाळ झोपलं की त्या घरात संचारबंदी लागायची. बेलची वायर काढलेली, कपाटांच्या दारांना आतून कापूस चिकटवलेला, आणि बाहेरच्या दारावर बाळाच्या आईच्या हस्ताक्षरातला कागद: 'बाळ झोपले आहे. दार वाजवू नये. फोन करू नये. जिन्यात शिंकू नये.' शेवटची ओळ वरच्या मजल्यावरच्या काकूंसाठी मागाहून वाढवलेली होती.

त्या दिवशी तर बाळाच्या झोपेवर आईचं सगळंच अवलंबून होतं. चौदा महिन्यांनी तिला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. दुपारी तीन वाजता, लॅपटॉपवर. बाळ होण्याआधी ती एका विमा कंपनीत दावे तपासायची. 'आपोआप आग लागली' असं लिहिणाऱ्या माणसाला 'आपोआप म्हणजे नेमकं कसं?' एवढंच विचारून घाम फोडायचा, हे तिचं काम. आणि ते तिला मनापासून आवडायचं. आता दुसऱ्या एका कंपनीत तशीच जागा निघाली होती. मधल्या काळात तिनं कसून तपासलं असेल ते फक्त लंगोट.

नवऱ्यानं खास मदतीसाठी रजा घेतली होती. "तू फक्त मुलाखत दे. घर माझ्यावर सोड," तो सकाळीच म्हणाला होता. तेव्हापासून ती घड्याळाऐवजी त्याच्यावरच नजर ठेवून होती.

सव्वादोनला बाळ आतल्या खोलीत झोपलं. मागच्या अंगणाकडची खिडकी तेवढी उघडी ठेवून तिनं खोलीचं दार श्वास रोखून लावलं. आता नवऱ्याला एकच काम उरलं होतं, ते म्हणजे काहीही न करणं. कर्तबगार माणसाला ते कुठलं जमायला?

"मी मासे तळतो," तो कुजबुजला.

"आज?"

"सेलिब्रेशन. ऑफिसातला तो दक्षिणेकडचा आहे ना, त्यानं रेसिपी लिहून दिलीये. त्याच्या आईची. नुसता वास घेतला तरी घाम फुटतो म्हणे."

"अरे, पण आवाज?"

"आवाज होणारच नाही. तू बघच."

आणि खरोखरच झाला नाही. घोटाळा झाला तो तिथेच.

मिक्सर ओरडतो म्हणून त्यानं लाल मिरच्या, मिरी आणि लसूण खलबत्त्यात कुटलं. खलबत्त्याखाली बाळाची दुलई चौपदरी करून. एक्झॉस्ट घरघरतो म्हणून एक्झॉस्ट बंद. रस्त्यावर गाड्या म्हणून खिडकी बंद. तुकडे तेलात पडताना चर्र होतं म्हणून स्वयंपाकघराचं दार बंद, आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल. चिठ्ठीच्या तळाशी सहकाऱ्यानं दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'पंखा लाव, खिडक्या उघड.' नवऱ्यानं ते वाचलं. ज्यांच्या घरी लहान मूल नसतं ते असंच काहीबाही लिहितात, असं म्हणून त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

तीनला दिवाणखान्यात मुलाखत सुरू झाली. पडद्यावर दोघं होते, एक चष्मा लावलेल्या मॅडम आणि पेन फिरवणारे एक साहेब. पहिली दहा मिनिटं फार छान गेली. ती दाव्यांविषयी बोलत होती, मॅडम मान डोलवत होत्या.

आत पहिल्या घाण्याचा सांडलेला मसाला तेलात जळायला लागला होता. नवऱ्यानं नाकाला ओला रुमाल बांधला, डोळ्यांवर पोहायचा हिरवा गॉगल चढवला. खोकायची तर बंदी. म्हणून खोकला आला की तो फ्रीज उघडायचा, डोकं आत घालायचा आणि तिथे खोकायचा. दह्याच्या पातेल्याला त्या दिवशी काय काय सोसावं लागलं ते त्यालाच ठाऊक. पाचव्यांदा डोकं बाहेर काढल्यावर त्याला कढई दिसेना. तेव्हा त्यानं गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराचं दार अगदी हळूच, फक्त चार बोटं उघडलं.

एवढा वेळ शिस्तीत थांबलेला धूर दिवाणखान्यात आला.

"मधे चौदा महिन्यांची गॅप दिसतेय," मॅडम म्हणत होत्या. "त्याबद्दल काही सांगाल?"

या प्रश्नाचं उत्तर तिनं बाथरूमच्या आरशासमोर सतरा वेळा म्हटलं होतं. "या चौदा महिन्यांत मी..." एवढं म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. साहेबांचं पेन फिरायचं थांबलं.

"वेळ घ्या," मॅडम हळुवारपणे म्हणाल्या.

तेवढ्यात नवरा कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून रांगत टेबलामागून गेला आणि धुराला वाट द्यायला त्यानं बाहेरचं दार उघडलं. धुराला वाट मिळाली आणि काकूंनाही. पदर नाकाला लावून जिना उतरत आलेल्या काकूंना समोर दिसली ती लॅपटॉपपुढे ढसढसा रडणारी पोर. दारावरचा कागद त्यांना पाठ होता, म्हणून त्या कुजबुजल्या. पण काकूंचं कुजबुजणं तिसऱ्या इमारतीत ऐकू जायचं.

"रडू नकोस गं बाई. सांगून टाक यांना सगळं." मग त्या पडद्याकडे वळल्या. "चौदा महिने कोंडून घेतलंय हो हिनं स्वतःला. बेलसुद्धा काढून टाकलीये."

तिनं घाईघाईनं मान हलवली. पडद्यावर ते रडण्याचा नवा उमाळा आल्यासारखं दिसलं.

"एकच विचारते," मॅडमनी चष्मा काढला होता. "तुम्हाला कामावर का परत यायचंय?"

तयार उत्तर तीन परिच्छेदांचं होतं. घशानं त्यातले तीन शब्द सोडले. "मला... घराबाहेर... पडायचंय."

नेमका तेव्हाच तिच्या खांद्यामागे एक हिरवा गॉगल वर आला आणि पुन्हा खाली गेला.

"मागे कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"नवरा," ती खोकला गिळत म्हणाली. "मदत करतोय."

मॅडम आणि साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही लवकरात लवकर कळवतो," मॅडम म्हणाल्या. "तोवर सांभाळून राहा."

तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं. टिक् झालं. आणि काकूंच्या कुजबुजीत गाढ झोपलेलं बाळ त्या टिक्-नं दचकून उठलं.

काकू मासा खाऊनच गेल्या. दोन तुकडे संपवून, डोळे पुसत म्हणाल्या, "मीठ राहिलंय."

संध्याकाळी मेल आला. तिची निवड झाली होती. दाव्यांविषयीची तिची उत्तरं अचूक होती, असं मॅडमनी आवर्जून लिहिलं होतं. पुढे आणखी एक ओळ होती: 'आपली नाजूक परिस्थिती लक्षात घेता, आपल्याला पूर्णवेळ घरूनच काम करण्याची मुभा देण्यात येत आहे.'

नवऱ्यानं खांद्यावरून वाचलं. त्याचे डोळे अजून लाल होते, पण चेहरा उजळला. "बघ. म्हटलं नव्हतं, घर माझ्यावर सोड म्हणून? आता मीही माझ्या साहेबांकडून घरून काम मागून घेतो. बाळाचं मी बघेन. आणि तुला रोज दुपारी काहीतरी गरमागरम."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या लालसर झालेल्या छताकडे पाहिलं. बाळ त्याच्या मांडीवर दिलं आणि उत्तर लिहायला घेतलं.

'मुभेबद्दल मनःपूर्वक आभार. परंतु मी रोज ऑफिसलाच येईन. घरची जबाबदारी माझ्या पतींनी आनंदाने स्वीकारली आहे.'

पाठवण्याआधी तिनं क्षणभर विचार केला आणि खाली एक ओळ वाढवली.

'शनिवारी ऑफिस उघडे असते का?'