शेवटच्या तुकड्याआधी उठणारे नाना

एका जंगलात, मुलांनो, धोंडोनाना नावाचे एक साळिंदर राहत होते. वयाने पोक्त, खाऊनपिऊन सुखी आणि स्वभावाने अगदी सरळ. जन्मात खोटं बोललेले नव्हते. त्यांच्या अंगावर काटे तरी कशाला दिले, असा जंगलाला प्रश्न पडे.

त्या जंगलात टेकडीच्या पायथ्याशी एक मोठी गुहा होती. गुहेत दुपारी सिनेमा लागायचा. पडदा कोळ्यांनी विणलेला, उजेड काजव्यांचा. आता सिनेमा यायचा कुठून, ते विचारू नका. साळिंदराला नाव कसं, ते नाही विचारलंत, मग हेच कशाला?

सिनेमा एकाच जातीचा असे. त्यात एक महाबली गेंडा होता आणि तो उडत असे. त्याच्या मदतीला विजेच्या शेपटीची एक खार होती. आणखीही बरेच जण होते, पण त्यांची नावं मला पाठ नाहीत. तिसऱ्या चंद्रावरून एक विंचू यायचा आणि जंगलाचा नाश करीन म्हणायचा. मग तासभर मारामारी. असे दहा भाग होऊन गेले होते.

सगळं जंगल या गेंड्यापायी खुळावलं होतं. पाडसं उडायला म्हणून उंच दगडावर चढत आणि लंगडत घरी येत. खुद्द सिंहमहाराज दरबारात पाठीला केळीचं पान बांधून बसत. आणि धोंडोनानांची बायको, सगुणानानी, हिची पहिल्या रांगेतली जागा कधी चुकली नव्हती.

नाना गुहेत जायचे ते गारव्यासाठी. शिवाय नानी एकट्या जायच्या, ते त्यांच्या जिवाला बरं वाटायचं नाही. नानांचा नानींवर फार जीव होता. तसं ते बोलून दाखवत नसत, फक्त शेजारी येऊन बसत. बसले की डुलकी काढत. जाग आली की मत देत.

"अगं, हा उडतो ना? मग अर्धा सिनेमा चालत का आला?"

"अहो, हळू बोला."

"आणि आभाळाला भोक पडतं ते दर वेळी आपल्याच रानावर कसं पडतं? पलीकडे एवढं माळरान मोकळं पडलंय."

मागून कोणीतरी खाकरे. नाना पुन्हा डुलकी काढत. मग गेंडा विंचवाला उचलून डोंगरावर आपटे, डोंगराचा चुरा होई, आणि शेवटी सगळे महाबली हसत हसत बोरं खायला जात.

"हे दगड आता कोण उचलणार?" नाना विचारत. "त्या डोंगरावर कोणाची तरी बिळं असतील की!"

नववा भाग लागला तेव्हा तर फारच झालं. आठव्या भागात विजेची खार मेली होती. नानी तीन दिवस जेवल्या नव्हत्या. नवव्या भागात ती खार पहिल्याच झटक्याला झाडामागून उडी मारून बाहेर आली. गुहा टाळ्यांनी दणाणली. नाना म्हणाले, "आली ते बरंच झालं. पण आमच्या हिचं तीन दिवसांचं जेवण गेलं, त्याचं काय?"

नानींना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुहेत जाणकार मंडळींचा एक कोपरा होता. त्यांचे पुढारी चिंतोपंत वानर. चिंतोपंतांना दहाही भाग तोंडपाठ होते. ते नानांकडे कीव केल्यासारखं बघत.

"नाना, तुम्हाला हे कळायचं नाही. त्यासाठी सहावा भाग सातव्याच्या नंतर बघावा लागतो. शिवाय दोन्हींच्या मधे एक छोटा भाग आहे, तो फक्त कावळ्यांना दाखवला होता."

"मग मला विंचू आवडतो," नाना म्हणत. "त्याला काय पाहिजे ते पहिल्या भागापासून कळतं."

आता या जंगलातली एक रीत सांगतो, ती नीट ऐका. सिनेमा संपला की पडद्यावर नावं येत. कोणी काय काम केलं, त्यांची नावं. हत्ती झाले, मोर झाले, मधमाश्या झाल्या की मग मुंग्या लागत. एकूण एक मुंगीचं नाव येई. मुंग्या किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि सगळ्या मुंग्या संपल्या की अगदी शेवटी एक इवलासा तुकडा दाखवत. त्यात पुढच्या भागातल्या कोणाचं तरी नुसतं शेपूट दिसे. त्या शेपटासाठी अख्खं जंगल मुंग्यांची नावं वाचत बसे. तुकड्याआधी उठणं म्हणजे पंगतीतून मधेच उठण्यासारखं समजत.

नाना मात्र मोर आले की उठत. "संपला ना? चला." रांगेतून निघताना त्यांचे काटे दहाजणांना टोचत. दहाजण ओरडत. नानी मान खाली घालून बसून राहत.

तर अकरावा भाग लागला. भाद्रपदातली दुपार होती आणि टेकडीच्या अंगाचं तळं काठोकाठ भरलं होतं. तळ्याचा बांध गुहेच्या बरोबर डोक्यावर. बांध जुना झाला होता, घुशींनी पोखरला होता. तो दुरुस्त करायचा म्हणून सभा ठरली होती. पण सभेच्याच दिवशी दहावा भाग लागला. मग ती अकराव्याच्या दिवशी ठेवली. आजही ती होतीच, सिनेमा सुटल्यावर.

विंचू आपटला, डोंगर फुटला, बोरं खाऊन झाली. मोर आले. नाना उठले, दहाजणांना टोचले आणि बाहेर आले. टेकडीवर जरा पाय मोकळे करावेत म्हणून बांधाच्या कडेने चढू लागले, तर पायाखाली चिखल. वर बघतात तो बांधातून पाण्याची धार लागलेली. भोक जांभळाएवढं होतं. नाना बघत होते तेवढ्यात ते नारळाएवढं झालं.

नाना तसेच मागे वळले. खाली नानी होत्या.

ते धापा टाकत गुहेत शिरले. आत मुंग्या चालू होत्या.

"उठा! बांध फुटतोय! सगळे बाहेर चला!"

"श्श!" सगळी गुहा एका आवाजात म्हणाली.

"नाना, पुढच्या भागाची गोष्ट फोडू नका," एक सांबर कळवळून म्हणालं.

"अरे, गोष्ट नाही! खरा बांध! आपला बांध!"

"पाचव्या भागात बांध होता," चिंतोपंत म्हणाले. "आज बघितलात वाटतं? उशिरा का होईना, बघितलात ते बरं केलंत."

एवढ्यात पाणी आत आलं. पहिल्या रांगेच्या पायांना लागलं. कोणीतरी टाळी वाजवली. "वा! पडद्यावर नदीकाठच्या मुंग्या, आणि पायाला पाणी! या वेळी खर्च केलाय हं!"

नाना सिंहमहाराजांपुढे गेले. हात जोडले. "महाराज, तुम्ही तरी सांगा यांना."

महाराजांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "धोंडोनाना, काही झालंच तर गेंडा येईल. बसा."

मग नानांनी काटे फुलवले आणि रांगेत घुसले. जे टोचले ते नुसते सरकले आणि पुन्हा वाचू लागले. नानांनी नानींचा पंजा धरून ओढला.

"अगं, तू तरी उठ. पाया पडतो तुझ्या."

"अहो, चारचौघांत काय हे? शेवटच्या मुंग्या राहिल्यात. बसा खाली."

पाणी नानींच्या पोटाला टेकलं होतं. नानींनी फक्त शेपूट वर उचलून घेतलं.

आणि तेव्हा, मुलांनो, जन्मात खोटं न बोललेले धोंडोनाना खोटं बोलले.

"तुकडा इथे नाहीच मुळी! तुकडा या खेपेला टेकडीवर दाखवतायत! जागा थोडीच आहे म्हणे!"

पुढचं काय सांगू! सिंह, सांबरं, डुकरं, ससे, एकमेकांच्या अंगावरून सगळे बाहेर. कोणी काही विचारलं नाही. काजवेसुद्धा पडदा सोडून निघाले. सर्वांत पुढे चिंतोपंत होते, आणि त्यांच्या मागोमाग सगुणानानी. या वयात नानी एवढ्या पळू शकतात, हे नानांना त्या दिवशी कळलं.

सगळे टेकडीवर पोचले आणि खाली धडाड्दिशी बांध गेला. बघता बघता गुहा छतापर्यंत भरली. कोळ्यांचा पडदा तेवढा पाण्यावर तरंगत वाहून गेला.

ससे ओले होऊन कुडकुडत होते. नानांनी नानींकडे पाहिलं. त्या धडधाकट होत्या. नानांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

मग चिंतोपंत इकडेतिकडे बघत म्हणाले, "तुकडा कुठे आहे?"

नानांनी डोळे पुसत खरं ते सांगितलं.

जंगलात असा संताप पूर्वी कधी झाला नव्हता. "फसवलं!" "तीनच मुंग्या उरल्या होत्या, मी मोजत होतो!" "आता शेपूट कोणाचं ते कळायचं कसं?" एक म्हातारं रानडुक्कर खाली बसून हुंदके देऊ लागलं. बांधाची सभा व्हायची होती, तिथेच खटला भरला.

सिंहमहाराज म्हणाले, "धोंडोनानांनी सर्वांचे जीव वाचवले. हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे. प्रजेशी खोटं बोलले, हा सार्वजनिक आहे. सबब, त्यांनी अकराही भाग पहिल्यापासून ओळीने बघावेत. मुंग्यांसकट. शेजारी चिंतोपंत बसतील आणि समजावून सांगतील."

"महाराज, त्यापेक्षा मला पाण्यात सोडा," नाना म्हणाले.

पण शिक्षा ती शिक्षा. सभेने दुसराही ठराव केला. सर्वांनी मिळून आधी गुहा उपसावी आणि नवा पडदा विणावा. बांधाचं बाराव्या भागानंतर बघू.

संध्याकाळी नाना आणि नानी घरी निघाले. वाटेत नानींनी आपला ओला पंजा नानांच्या पंजात दिला. नानांना वाटलं, निदान हिला तरी कळलं. सगळ्या शिक्षेचं त्यांना काही वाटेनासं झालं.

"अहो," नानी हळूच म्हणाल्या, "तुमच्यामुळे वाचले मी. ते काय मला कळत नाही? पण तीनच तर मुंग्या होत्या हो. तेवढ्या होऊ दिल्या असत्यात तर?"

तात्पर्य : बुडणाऱ्याला जरूर वाचवावे, मात्र त्याचा सिनेमा पुरता संपला आहे, याची आधी खात्री करून घ्यावी.