पाच फुल्या

परशुराम मुळ्ये यांच्यासमोर छापील फॉर्म आला की त्यांचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जाई. रत्नागिरीच्या सरकारी कचेरीत त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि आता ते अव्वल कारकून होते. 'लागू नसेल ते खोडा' ही सूचना त्यांना वाचावी लागत नसे. ती त्यांच्या बोटांतच होती.

त्यामुळे १९८३च्या डिसेंबरात मुंबईहून त्यांच्या जुन्या कॉलेजचं पाकीट आलं, तेव्हा आतला इंग्रजी फॉर्म त्यांनी चहा निवायच्या आत भरून टाकला. कॉलेज जेझुइट फादर लोकांचं. माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजशी संबंध ठेवावा, असं फादरांचं म्हणणं होतं आणि त्याचे सहा मार्ग त्यांनी छापले होते. नव्या विद्यार्थ्यांना पत्रातून धीर देणे, शिबिराच्या मुलांना घरी उतरवून घेणे, आपल्या कामाविषयी भाषण देणे, गावात शाखा काढणे, होतकरू मुलांची प्रवेशासाठी शिफारस करणे. आणि सहावा, वार्षिक अंक टपालाने मागवणे. मुळ्यांनी पहिल्या पाचांवर ठसठशीत लाल फुल्या मारल्या आणि सहावा स्वच्छ ठेवला.

"एवढंच?" हेमाताई म्हणाल्या. "चार वर्षं शिकलात तिथे."

"चार वर्षांत तिथे कुणी मला नावानं हाक मारली नाही. अंक आला तरी पुष्कळ."

"आणि म्हणून लीलाला पाठवायची नाही."

लीला त्यांची एकुलती एक मुलगी. यंदा बारावीला होती आणि वडिलांच्याच कॉलेजात जायचं, असं तिनं दहावीपासून ठरवलं होतं. मुळ्ये लोकांना सांगत की मुंबई मुलींसाठी बरी नव्हे. खरं कारण फक्त हेमाताईंना ठाऊक होतं.

"इथे तिला भाजीवालीसुद्धा मुळ्यांची लीला म्हणून ओळखते," ते म्हणाले. "तिथे तिचा रोल नंबर होईल. माझा झाला होता. हे पाकीट तेवढं बंद करून पोस्टात टाक."

जानेवारीत फादर लोपीस यांचं पत्र आलं. फादर मूळचे वसईचे, मराठी मोकळं लिहीत. 'चार हजार फॉर्म पाठवले. पाच कामं अंगावर घेणारे आपण एकटेच निघालात. आपल्याला रत्नागिरी शाखेचे चिटणीस नेमत आहोत.'

"तिकडचा कारकून झोपा काढतोय," मुळ्ये म्हणाले आणि खुलासा लिहायला बसले. तो स्वच्छ अक्षरात उतरवून होईपर्यंत दुसरं पत्र आलं. लिहिणारा जयगडचा सदू, कॉलेजात पहिल्या वर्षाला. 'सर, तुमचा पत्ता फादरनी दिला. मी मेसमध्ये एकटाच जेवतो. माझं नाव इथे कुणाला माहीत नाही. परत येऊ काय?'

मुळ्यांनी खुलासा बाजूला ठेवला आणि नवा कागद घेतला.

'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की, (१) मेसमध्ये रोज त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर बसावे. (२) शेजाऱ्याचे नाव आपण आधी विचारावे. त्याने विचारण्याची वाट पाहू नये. (३) शेवटच्या बाकावर कदापि बसू नये. निम्नस्वाक्षरीकार तेथे चार वर्षे बसला आहे. (४) परत येऊ नये.'

पंधरा दिवसांनी सदूचं उत्तर आलं. 'सर, काल मला उशीर झाला, तर एकानं माझी खुर्ची धरून ठेवली होती.' आता खुलासा धाडायचा तर या मुलाला वाऱ्यावर सोडावं लागणार होतं. खुलासा टेबलाच्या खणात गेला आणि तिथेच राहिला.

मे महिन्यात तार आली. शनिवारी सदूसह बारा विद्यार्थी आणि फादर लोपीस येत होते. भाट्याचं नारळ संशोधन केंद्र बघायचं, मुक्काम चिटणीसांकडे, चार दिवस.

मुळ्यांचं घर तीन खोल्यांचं. शेजारची काशी कुंपणावरून म्हणाली, "वैनी, तेरा मान्सां निजवनार कुठं?"

"मुली माजघरात, मुलगे अंगणात. फादर ओटीवर," हेमाताई म्हणाल्या. त्यांचं सगळं आधीच ठरलेलं होतं, याचं मुळ्यांना थोडं नवल वाटलं.

"मंग फनस माझ्याकडचा घ्या," काशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फणसाची भाजी जिरवत मंडळी मांडवाखाली बसली, तेव्हा फादरांनी भाषणाची आठवण केली. कॉलेजात नाही तर नाही, अंगणात होऊ दे. मुळ्ये आयुष्यात पहिल्यांदाच भाषणाला उभे राहिले आणि त्यांना येत होतं त्याच विषयावर बोलले: फॉर्म कसा भरावा.

"तळाची बारीक ओळ आधी वाचावी," त्यांनी बजावलं. "बावीस वर्षांत मी बघितलंय. माणूस फसतो तो तिथेच."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. फादर उठले आणि पिशवीतून एक कागद काढून म्हणाले, "खुद्द सरांनी भरलेला फॉर्म. आम्ही नमुना म्हणून जपून ठेवलाय."

मुळ्यांनी चष्मा लावला. पाच लाल फुल्या, सहावा कोरा. आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी ओळ होती: जे करणे शक्य असेल, त्यावर फुली मारावी.

त्यांनी कागद घडी करून परत दिला. "नमुना चांगला आहे," ते कसेबसे म्हणाले.

"चार कामं झाली," फादर हळूच म्हणाले. "पाचवं राहिलं. शिफारस कुणाची करताय?"

तेवढ्यात मंडळी भाट्याला निघाली. लीला चप्पल शोधत मागे राहिली होती. "लीला, चल गं," फाटकातून दोघी-तिघी ओरडल्या. "तिला येऊ दे, तोवर कुणी हलायचं नाही," सदूनं सगळ्यांना बजावलं. मुळ्ये ऐकत राहिले. कालच्या बसनं उतरलेली मुलं ही.

"मुळ्ये, लीला परशुराम," ते फादरांना म्हणाले. "लिहून घ्या."

पाहुणे गेल्यावर ते हेमाताईंना म्हणाले, "ती तळाची ओळ मी वाचलीच नव्हती."

"मी वाचली होती की. पाकीट बंद करताना."

"तुला ते इंग्रजी कळलं?"

"मॅट्रिकला इंग्रजीत बासष्ट होते मला. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

जुलैत मुंबईहून पाकीट आलं. वर लीलाच्या अक्षरात पत्ता होता: 'चिटणीस, रत्नागिरी शाखा'. मेसमध्ये कुठे बसावं, याविषयी तिला मार्गदर्शन हवं होतं. मुळ्यांनी कागद घेऊन लिहिलं, 'आपल्या पत्रास अनुसरून कळविण्यात येते की'. मग लाल पेन्सिल घेऊन त्या ओळीवर फुली मारली आणि खाली लिहिलं, 'चि. लीला'.

वार्षिक अंक मात्र त्यांना कधीच आला नाही.