पाठाची परात

परीक्षेच्या सकाळी राजनंदिनीने परातीवरचं फडकं काढलं. परीक्षेत घ्यायच्या पाठासाठी तिने मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा असं सगळं मुद्दाम एकत्र कालवून ठेवलं होतं. परात रिकामी होती, आणि शेजारी चार डबे नीट भरलेले.

"कुणी गं येड्यावानी कालवलं व्हतं?" सासूबाई बनुबाई डोळे चोळत म्हणाल्या. "निवडून निवडून डोळं फुटायची येळ आली."

"आवं आत्या, मीच कालवलं व्हतं. आज ते पोरांनी निवडायचं हाय."

"आन् शिकीवणारनीनं?"

"बघत बसायचं. हात लावायचा न्हाई."

"बसाय शिकाय तू वरीसभर यष्टीनं सांगलीला जातीस व्हय?"

राजनंदिनीचा नवरा फौजेत, बालवाडी शिक्षिकेच्या कोर्ससाठी सासूने एकच वर्ष मोकळीक दिली होती. नापास झाली तर पुन्हा गोठा आणि उसाची भांगलण-खुरपणी. तिला मुलांचा खरोखर लळा होता. तिने चारही डबे परातीत उपडे केले. बनुबाईंनी तोंड फिरवलं.

तरीही परात डोक्यावर घेऊन बालवाडीत आल्या त्या बनुबाईच. सून वाटेत सांडेल, असं त्यांचं म्हणणं. मग दाराशीच बसून राहिल्या.

सांगलीहून आलेल्या परीक्षक चारुशीलाबाई हसणाऱ्यांपैकी नव्हत्या. "मुलांना कोणीही मदत करायची नाही," त्यांनी बजावलं. "केली, तर पाठ बाद."

पाठ सुरू झाला. एका पोराने हरभरा मटकीच्या वाटीत टाकला. बनुबाई कळवळल्या. दुसऱ्याने वाटाणा नाकाशी नेला, मग चवळीत टाकला. बनुबाईंनी दोन्ही हात पदराखाली घट्ट धरले. राजनंदिनीला पोरांपेक्षा त्या पदराचीच धास्ती वाटत होती.

तेवढ्यात चार वर्षांची शालू कंटाळून उठली. मूठभर मिसळलेले दाणे घेऊन थेट दाराशी गेली आणि बनुबाईंच्या हातात ओतून म्हणाली, "आजी, तुमीच करा."

चारुशीलाबाईंनी चष्मा वर सरकवला.

बनुबाईंनी ओंजळीकडे पाहिलं. बोटं वळवळली. आयुष्यभर त्यांच्या हाताखालून एक खडा सुटला नव्हता. त्यांनी ते दाणे शालूच्या हातात परत दिले.

"मला न्हाई येत, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "तुजं तूच कर."

शालूला त्यांची दया आली. ती परत जाऊन बसली आणि एकेक दाणा निवडू लागली.

राजनंदिनी पास झाली. घरी येऊन तिने सासूचे पाय धरले, तर ती माउली पाय सोडवून घेत म्हणाली, "झाली न्हवं परीक्षा? मग आण ती परात. सकाळधरनं जीव थाऱ्यावर न्हाई."

पोरांनी चुकवलेले दाणे पुन्हा निवडायला परात पुढ्यात घेऊन त्या बसल्या. राजनंदिनीही समोर बसली आणि मदतीला तिने मटकीत बोटं घातली.

बनुबाईंनी तिच्या हातावर चापट मारली.

"हात लावायचा न्हाई. बघत बस."