सिस्टरची झोप

"शांतता ही माणसाने उभारलेली सर्वांत थोर वास्तू आहे," असं ग्रंथपाल म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले, की शेजारी बसून चहा पिणाऱ्या त्यांच्या आईलाही ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून दिलं. आईने चष्मा शोधला, चिठ्ठी वाचली आणि खाली लिहिलं, "साखर कमी आहे."

त्या घरात अकरा वर्षं असंच चाललं होतं. ग्रंथपालांची बायको रुग्णालयात कायमच्या रात्रपाळीला. सगळं जग तिला सिस्टर म्हणायचं, सासूसुद्धा. ती सकाळी येऊन आडवी झाली, की घरातली भांडी टॉवेलवर उतरत, दारं लागताना वाजतात म्हणून उघडीच राहत, आणि शाळेत जिला भोंगा म्हणत ती नऊ वर्षांची लेक घरात शिंकायचं झालं तरी उशीत शिंकायची. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा घरातला एकमेव कायदा. एवढं करूनही सिस्टर दुपारी उठायची ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊनच. मग ग्रंथपाल स्वतःला दोष देत आणि घरातला आणखी एखादा आवाज बंद करत. मागच्या आठवड्यात भिंतीवरच्या घड्याळाची पाळी आली होती.

पण परवा मेट्रनबाईंनी तिला उभ्याउभ्या पेंगताना पकडलं. "दोन दिवस सुट्टी घे आणि झोपून ये," त्या म्हणाल्या. "नाहीतर वॉर्ड विसर. कागदपत्रांच्या खोलीत बसवीन." सिस्टरचा वॉर्डावर जीव होता. त्या रात्री ती जेवली नाही.

म्हणून ग्रंथपालांनी वनोद्यान शोधून काढलं. तिथे म्हणे झाडाचं पानसुद्धा विचारून पडतं.

जाताना बसच्या खिडक्या खडखडत होत्या, चालकाचा हात हॉर्नवरून निघत नव्हता, मागे दोन तान्ही बाळं आळीपाळीने रडत होती. सिस्टर काचेला डोकं टेकून गाढ झोपली.

"किती दमलीय बघ पोर," आजी भोंग्याच्या कानात कुजबुजल्या. "असल्या गोंगाटातही डोळा लागला."

वनोद्यानात मोठं तळं होतं. धक्क्यावर नावाडी बसला होता आणि त्याच्यामागे फळीवर चपलांची रांग होती, प्रत्येकी एकच.

"अर्धा तास," तो म्हणाला. "प्रत्येकाने एकेक चप्पल इथे ठेवायची."

"ती कशाला?" आजींनी विचारलं.

"लोक पलीकडच्या काठाला होडी सोडून पसार होतात, मावशी. एका चपलेवर माणूस लांब जात नाही."

होडी तळ्याच्या मध्यावर आली तेव्हा ढग पाण्यात उतरले होते आणि वल्ही त्यांच्यातूनच फिरत होती. काठावरची झाडं उलटी होऊन पाण्यात डोकावत होती. सिस्टरने सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. ग्रंथपालांनी जुनं पुस्तक उचलावं तशी वल्ही पाण्याबाहेर उचलली. वल्ह्यांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज होऊ लागला, म्हणून भोंग्याने खाली आपला रुमाल धरला.

अर्धा तास संपला. नावाड्याने शिट्टी फुंकली. होडीतून तीन बोटं एकदम तीन ओठांवर गेली. त्याने पुन्हा फुंकली, तेव्हा आजींनी लांबूनच त्याला असं काही डोळे वटारून पाहिलं, की शिट्टीतला मणी अडकला. तो दुसरी होडी घेऊन तणतणत आला.

"ओ साहेब, वेळ झा..."

"झोपलीय," ग्रंथपाल कुजबुजले. "रात्रपाळीची सिस्टर आहे."

"मग धक्क्याला लावून झोपवा की."

"धक्क्याला लावताना होडी आदळते. उठेल ती."

नावाड्याला हे नाकारता येईना. होडी आदळते, हे तो स्वतःच रोज लोकांना सांगत असे. शिवाय त्याच्या आईची सेवा कधीतरी अशाच कुणा सिस्टरने केली होती. तो मागून येणाऱ्या होडीला हाताने थांबवू लागला. त्या होडीतल्या जोडप्याने आपलं अर्धवट राहिलेलं भांडण खुणांनी पुढे चालू ठेवलं. बदकं आली, त्यांना भोंग्याने पोळीचे तुकडे टाकून लांब नेलं. काठावरच्या रखवालदाराला खूण गेली. त्याने करकरणाऱ्या झोपाळ्याच्या कड्यांना आपलं उपरणं गुंडाळलं, आणि साडेपाचला 'उद्यान बंद होत आहे' असं ओरडणाऱ्या कर्ण्याची तारच काढून ठेवली. त्यामुळे उद्यान बंद होतंय हे कुणालाच कळलं नाही आणि कुणीच घरी गेलं नाही.

ऊन तिरकं झालं. सात होड्या तळ्यावर पानांसारख्या तरंगत होत्या. काठावर होडीची वाट पाहणारी, एकेकाच पायात चप्पल घातलेली माणसं चवड्यांवर चालत होती. नावाडी वल्ह्यावर हनुवटी ठेवून पेंगू लागला. भांडणारं जोडपं एकमेकांच्या खांद्यावर कलंडलं. ग्रंथपालांच्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या हयातीत त्यांच्या वाचनालयात एवढी शांतता झाली नव्हती.

तेवढ्यात सिस्टर, डोळे मिटलेलेच ठेवून, म्हणाली, "अहो, एक सांगू?"

सातही होड्या डुचमळल्या.

"उठवलं कुणी तुला?" आजींनी चौफेर नजर फिरवली.

"झोपलेच नाही मी, आई. दीड तास नुसती पडून आहे."

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही सगळे एवढी धडपड करता, जीभच रेटत नाही. अकरा वर्षं सांगीन सांगीन म्हणतेय." तिने एक डोळा उघडला. "वॉर्डात कुणी कण्हतंय, कुणी घोरतंय, तोवर सगळं ठीक असतं. एकदम शांत झालं, की समजायचं कुणाचं तरी काहीतरी बिनसलंय. शांतता झाली, की मी टक्क जागी होते. घरी तर रोजच होते."

ग्रंथपालांना आपलं थांबवलेलं घड्याळ आठवलं. मग टॉवेल आठवले. मग एकामागून एक अकरा वर्षं आठवली.

"मग आता काय करू?" त्यांनी विचारलं. तेही कुजबुजतच.

सिस्टरने कूस बदलली, पदर तोंडावर ओढून घेतला आणि आतून म्हणाली,

"तुम्ही मायलेक जरा भांडता का? साखरेवरून चालेल."