कोकराची जागा

उमापुरात एसटी पकडायची तर गेनूआबांच्या ओट्यासमोरून जावं लागतं, आणि हातात बॅग असली की सुटका नाही. आबा बसल्या जागेवरून हात वर करतात. "थांब बे! उचलून दाखव." मग आपण बॅग उचलायची, समोरच्या कडुलिंबापर्यंत चालायचं आणि परत यायचं. तोवर धाप लागली की आबांचा निकाल तयार. "तीन कोकरं!"

हे माप सांगायला हवं. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, ते पाऊस लागला की परतायचं. सात-आठ महिन्यांचा अख्खा संसार एका घोड्यावर. वाटेत जन्मलेल्या कोकरांना चालवत नाही, तीही त्याच घोड्यावर. म्हणजे एक पातेलं जादा घेतलं की एक कोकरू खाली उतरलं.

आता मेंढरं नाहीत, पण माप राहिलंय. एका नवरदेवाचा सूट दीड कोकरू भरला होता. क्लाससाठी बीडला निघालेल्या पोरीच्या पुस्तकांची गोणी पाच कोकरं. वर तिला विचारलं, "येवढं डोक्यात न्यायचं सोडून पाठीवर काहून नेतीस गं?" ती बिचारी रडकुंडीला आली.

मी इथल्या शाळेत मास्तर. गेल्या मे महिन्यात आम्ही महिनाभरासाठी नागपूरला, बायकोच्या माहेरी निघालो होतो. आबांनी भर रस्त्यात बॅग उघडायला लावली.

"पँटी किती?"

"सहा."

"मास्तर, पाय किती हायती तुमाला?"

आतून इस्त्री निघाली तेव्हा तर त्यांनी कपाळाला हात लावला. "नागपुरात लोकं चुरगळलेलीच फिरत्यात का?" बायको लगेच म्हणाली, "मी यांना तेच सांगत होते." हे सपशेल खोटं होतं, इस्त्री तिनेच भरली होती. या सगळ्यात आमची एसटी गेली, आणि इस्त्री महिनाभर आबांच्या ओट्यावर राहिली.

त्यांचं स्वतःचं सामान म्हणजे एक घोंगडी, एक तांब्या आणि दोन धोतरं, एक अंगावर आणि एक वाळत. या बाबतीत ते बायकोचंही ऐकत नसत. सारजाकाकू दरसाल निघताना आपला वरवंटा सामानात लपवायच्या. पाटा म्हणून कुठलाही सपाट धोंडा चालेल, पण वरवंटा हातातला हवा, असं त्यांचं म्हणणं. आणि दरसाल आबा तो शोधून बाहेर काढायचे. "रानात दगडाला काय तोटा हाय? ह्येच्या जागंत एक कोकरू बसतंय." मग काकू आठ महिने मिळेल त्या दगडाने मिरच्या वाटायच्या. चटणीत खडा आला की आबांकडे बघत मुद्दाम मोठ्याने कुडुमकुडुम चावायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. पाठोपाठ आबांचे गुडघे गेले, मेंढरं विकावी लागली. मागच्या महिन्यात मुलगा अंकुश त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. सगळी गल्ली जमली होती. मला मात्र इस्त्रीचा सूड उगवायचा होता.

आबा गाठोडं घेऊन बाहेर आले तसा मी हात वर केला. "थांबा आबा! उचलून दाखवा."

लोक खदखदून हसले. आबा कडुलिंबाकडे निघाले, पण निम्म्या वाटेतच त्यांना हात बदलावा लागला. "दोन कोकरं!" कुणीतरी ओरडलं. मी पुढे होऊन गाठोडं घेतलं आणि गाठ सोडून बघितलं. घोंगडीच्या घडीत वरवंटा होता.

अंकुश वैतागला. "आबा, ह्यो काहून घेतलाव? घरी मिक्सर हाय की!"

आबांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. गाठोड्याची सुटलेली गाठ पुन्हा बांधत ते मला म्हणाले, "दरसाल मीच काढून ठिवला मास्तर. तवा कोकरं हुती." मग गाठ आवळत म्हणाले, "आता जागा मोकळीच हाय."

मला माझीच फार लाज वाटली. गाठोडं मी स्टँडपर्यंत नेलं. एसटीत चढवून वरच्या फळीवर ठेवायला गेलो, तर आबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि मांडीवर धरून बसले.