बखर ‘निळी खोली’च्या दुसऱ्या बाजूची

॥ श्री ॥ ज्याने नाद दिला त्यास नमन, ज्याने कान दिले त्यास नमन, आणि जे ऐकोन पुढे गेले त्यांसही नमन. विनंती ऐसी जे, आपण पुसिले की गारगोटी नामे बँडाची तिसरी कॅसेट ‘निळी खोली’, तिजवरून दोघां श्रोत्यांत दहा वर्षे वाद जाहला, तो कैसा उपजला आणि कैसा शेवटास गेला, ते लिहोन पाठवावे. त्यास जे विश्वासूंचे मुखे ऐकिले ते पदरचे न घालता लिहितो.

शके १९०९, प्रभवनाम संवत्सर, मार्गशीर्षमास. त्या राज्यात गारगोटी हा चौघांचा बँड नावारूपास आला होता. त्यांनी आधी दोन कॅसेटी काढिल्या, ‘ठिणगी’ आणि ‘उलटे घड्याळ’, आणि त्यांत गिटारी ऐशा कडाडत होत्या की कॉलेजातील मुले त्यांजवर जीव टाकीत. मग तिसरी ‘निळी खोली’ काढिली. तिचे पहिले बाजूस गिटार जैसीच्या तैसी ठेविली, आणि दुसरे बाजूस ती खाली ठेवोन कीबोर्ड घेतला, आणि चार गाणी ऐसी संथ केली की ऐकणारास वाटावे, टेपरेकॉर्डरच बिघडला. लोक विटले. दुकानदारांनी कॅसेटींचे गठ्ठे परत धाडिले, आणि वर्ष पुरे न होता बँड मोडला, आणि चौघे आपापले पोटापाण्यास लागले, आणि लोक दुसरी गाणी ऐको लागले. राज्यात मोठी उलथापालथ जाहली म्हणावे तर तैसेही नाही. एक बँड गेला, इतकेच.

त्या राज्याचे पश्चिमेस एका जिल्ह्याचे गावी रघुवीरराव सोनटक्के म्हणोन गृहस्थ होते, वय तीस, वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी जावे, तराजू पाहावे, खोटे वजन जप्त करावे, हा त्यांचा रोजचा उद्योग, म्हणोन बाजारात त्यांस पाहताच लोक बोलणे आवरीत, आणि चहा पुढे करीत तोही भयाने. लग्न केले नव्हते. एक खोली, एक खाट, एक टेपरेकॉर्डर आणि भिंतीशी कॅसेटींची रांग, ऐसा संसार होता. बोलावयास मनुष्य नाही, तेव्हा ते ‘नादपत्र’ नामे मासिकास पत्रे लिहीत. त्यांनी ‘निळी खोली’विषयी, खाली हुद्द्यासह सही करोन, लिहिले की, “पहिली बाजू सोळा आणे खरी आहे. दुसरी बाजू म्हणजे चांगल्या दुकानदाराने मारलेले माप आहे.” पुढील महिन्यात त्यास उत्तर छापोन आले. लिहिणार शौकत मुजावर, पूर्वेकडील एका गावी शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांनी लिहिले, “सोनटक्के यांनी कान तराजूत घातले आहेत. दुसरी बाजू ऐकायला धीर लागतो, तो त्यांच्या खात्यात मिळत नसावा.” हे वाचोन सोनटक्के खवळले, आणि त्याच बसण्यात चार पाने लिहिली, आणि मुजावरांनी सहा लिहिली, आणि ऐसे आठ महिने चालले. मग संपादकांनी चौकट छापिली की, “हा वाद आम्ही येथे थांबवीत आहोत. वाचकांना इतरही विषय आहेत.” वास्तविक वाचकांनी कधीच लक्ष काढोन घेतले होते. सोनटक्के यांनी मासिकाचे कचेरीतून पत्ता मिळविला आणि मुजावरांस थेट अंतर्देशीय पत्र धाडिले, आणि वाद छापखान्यातून टपालात आला.

मग नेम ऐसा पडला की महिन्याचे पहिले रविवारी सोनटक्के यांनी लिहावे आणि तिसरे आठवड्यात मुजावरांचे उत्तर यावे. पत्रात क्षेमकुशल नाही, घरचे वर्तमान नाही. आरंभ “महाशय” आणि शेवट “आपला विरोधक”. एके वर्षी मुजावरांनी लिहावे की कीबोर्ड नसता तर गवयाचा आवाज उघडा पडला असता, आणि सोनटक्के यांनी लिहावे की उघडा पडला असता तर बरे जाहले असते. एके वर्षी केवळ दुसऱ्या गाण्याचे तालावर सात पत्रे जाहली. भेट एकही नाही. कोणी फोटो मागितला नाही. कचेरीत सोनटक्के यांस बढती जाहली, बदली जाहली, केस पिकू लागले, आणि सोबतचे कारकून मुलांची लग्ने ठरवू लागले, आणि यांनी कॅसेटींची रांग उचलोन नव्या गावी नव्या खोलीत मांडिली. नवा पत्ता प्रथम कळविला तो मुजावरांस. दुसऱ्या कोणास कळवावा ऐसे त्यांचे ध्यानी आले नाही.

शके १९१९, ईश्वरनाम संवत्सर. श्रावणात उत्तर आले नाही. सोनटक्के यांनी वाट पाहिली, मग दुसरे पत्र लिहिले. भाद्रपद गेला, उत्तर नाही. तेव्हा रागे भरोन तिसरे लिहिले, त्यात एकच वाक्य: “गप्प बसलात, तेव्हा हार कबूल आहे असे समजतो.” टपालपेटीत टाकिले आणि मनास बरे वाटले, आणि संध्याकाळपर्यंत ते बरे वाटणे गेले. आश्विनही कोरडा गेला. शेजारच्या टेबलाचे कुलकर्णी यांस ते सहज म्हणाले, “मला एकाचं पत्र येत असे, ते तीन महिने आलं नाही.” कुलकर्णी म्हणाले, “नातेवाईक का?” सोनटक्के म्हणाले, “नाही.” “मग मित्र?”  सोनटक्के म्हणाले, “तसंही नाही.” आणि कार्तिकात रजा टाकोन ते एस.टी.त बसले.

दोन गाड्या बदलोन दुपारी गावी पोहोचले, आणि विचारीत विचारीत मुजावरांचे घर गाठिले. दार एका बाईंनी उघडिले, वय पंचेचाळीसचे सुमारास. यांनी नाव सांगितले. बाई म्हणाल्या, “तुम्ही सोनटक्के? आत या, भाऊ. बसा.” त्या मुजावरांच्या पत्नी रशीदाबी. पाणी दिले, आणि मग सांगितले की, मुजावरसाहेब आषाढात वारले. शाळेतून घरी आले, छातीत कळ आली, आणि दवाखान्यापर्यंतही पोहोचले नाहीत.  बाईंनी उठोन फळीवरची तीन पत्रे आणिली, तिन्ही न फोडलेली. म्हणाल्या, “त्यांच्या नावची होती. मी कशी फोडणार? तुमचा पत्ता मागं होता, पण कळवायचं काय आणि कसं, ते जमलं नाही.” सोनटक्के यांनी तिसरे पत्र ओळखिले. मान खाली घातली आणि म्हणाले, “वहिनी, हे एक मला परत द्या. ह्यात चांगलं लिहिलेलं नाही.” बाईंनी काही न पुसता ते त्यांचे हाती ठेविले, आणि यांनी ते खिशात घातले, आणि हात बराच वेळ खिशातच राहिला.

मग बाई म्हणाल्या, “ती कॅसेट मी कधी धड ऐकली नाही. ह्यांच्या टेपला घरात कुणी हात लावायचा नाही. तुम्ही लावता का?” सोनटक्के यांनी ‘निळी खोली’ लाविली. दोघांनी समोरासमोर बसोन पहिली बाजू ऐकिली, मग यांनी ती उलटिली आणि दुसरी ऐकिली. बाई पदराचे टोक बोटास गुंडाळीत होत्या. शेवटचे गाणे संपले, बटण वर आले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मला ह्यातलं कळत नाही. खरं सांगा, कसं आहे?”

आता सोनटक्के पेचात पडले. समोर बाई, घरात चार महिन्यांचे दुःख, आणि ‘छान आहे’ म्हणावयास काही लागत नव्हते. परंतु जन्मभर खोटे वजन उचलोन धरिले नाही, आणि मुजावरांचे घरात तर ते होईना. म्हणोन हळू म्हणाले, “पहिली बाजू उत्तम. दुसरी फसलेली आहे, वहिनी. मुजावरसाहेबांचं चुकत होतं.”

 बाईंचे मुखावर हसू आले, आणि त्या म्हणाल्या, “ते पण हेच म्हणायचे.”

“काय म्हणायचे?”

“की दुसरी बाजू फसली आहे. आठ वर्षं झाली त्याला. तुमचं एक मोठं पत्र आलं होतं, ते वाचून एकदा टेप लावला आणि मला म्हणाले, रशीदा, ह्या माणसाचं बरोबर आहे. मी म्हटलं, मग तसं लिहा की त्याला. तर म्हणाले, लिहिलं तर तो पुढचं पत्र कशाला पाठवील? ही कॅसेट सगळ्या मुलखात दोघांनीच ऐकली आहे, मी आणि तो.” इतके बोलोन त्या उठल्या आणि म्हणाल्या, “चहा टाकते. तुमचं पत्र यायचं त्या दिवशी ते दोनदा चहा मागायचे.”

सोनटक्के चहा प्याले, आणि संध्याकाळचे गाडीने निघाले. बाई कॅसेट देऊ लागल्या, ती घेतली नाही, म्हणाले, “माझ्याकडं आहे. ही इथंच असू द्या.” गाडीत त्यांस प्रथम राग आला की आठ वर्षे आपण लटक्या शत्रूशी झुंजत होतो. मग आठवो लागले की, त्या आठ वर्षांत मुजावरांनी दुसरे बाजूची किती कारणे शोधिली, ताल म्हणोन, श्वास म्हणोन, शब्द म्हणोन, आणि स्वतःस न पटलेली एकेक गोष्ट कैसी सुंदर अक्षरात लिहोन धाडिली. इतके श्रम आपल्यासाठी दुसऱ्या कोणी केले नव्हते. खिडकीबाहेर ऊस उभा होता, तो सरता सरेना.

पुढे पहिला रविवार आला. सोनटक्के यांनी लिहिले नाही, कारण लिहावे कोणास? वेळ रिकामा राहिला, तेव्हा दुसरी बाजू लाविली. पुढील रविवारीही लाविली. ऐसे वर्षभर चालले, आणि ते आता दोष शोधावयास ऐकत नव्हते, मुजावरांनी जे न पटता लिहिले त्यातील काही खरे निघते की काय, हे पाहात होते. निघाले नाही. मग एके दिवशी दुपारी तिसरे गाणे वाजत असता त्यांचे ध्यानी आले की, बेस गिटारवाला प्रत्येक कडव्यास अर्धी मात्रा मागाहून येतो, चुकोन नव्हे तर जाणोन, आणि त्या अर्ध्या मात्रेत गवई एकटा पडतो, आणि गाणे जे आहे ते सर्व तेथेच आहे. त्यांनी टेप मागे नेला, पुन्हा ऐकिले, पुन्हा मागे नेला. गाणे चांगले होते. फार चांगले होते. ही गोष्ट मुजावरांनीही कधी लिहिली नव्हती. सोनटक्के यांनी अंतर्देशीय पत्र काढिले, तारीख घातली, “महाशय” लिहिले, आणि लेखणी थांबली. मग त्या खोलीत मोठ्याने म्हणाले, “मुजावरसाहेब, तिसरं गाणं चांगलं आहे.” आणि पत्र मिटोन ठेविले.

येणेप्रमाणे वाद समाप्त जाहला. दोन्हीकडील मिळोन पत्रे दोनशेंवर, भेट एकही नाही. बँड कोणास स्मरत नाही. दुसऱ्या बाजूचा पक्ष जिंकला, आणि त्या पक्षात आता एकच मनुष्य आहे. हकीकत इतकीच. कमीजास्त असल्यास दोष लिहिणाराचा, गाण्याचा नव्हे.